छातीतल्या ‘कॅल्सिफाइड गाठी’: एकेटी कधी, आणि कधी काहीच नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांच्या आई ५८ वर्षांच्या, राहणार सातारा जिल्ह्यात. गुडघा बदलायचा म्हणून ऑपरेशनआधीची फिटनेस तपासणी करायला गेल्या, तिथे छातीच्या एक्स-रेत उजवीकडे पांढरा ठिपका दिसला, म्हणून सीटी झाला. रिपोर्टात लिहून आलं: उजव्या हायलममध्ये (फुप्फुसाच्या मुळाशी) आणि मीडियास्टायनममध्ये (दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत) अनेक कॅल्सिफाइड (कॅल्शियम साचलेल्या) लिम्फ नोड्स, सर्वांत मोठी ९ मिलिमीटर, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या लोबमध्ये ५ मिलिमीटरचा कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा (शरीराने संसर्गाला घेरून केलेली बारीक गाठ), जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाच्या खुणा असाव्यात, क्लिनिकल कोरिलेशन करावे (म्हणजे लक्षणांशी ताडून पाहावे). एका डॉक्टरांनी सहा महिने एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधं, घ्या म्हटलं, दुसऱ्यांनी काहीच नको म्हटलं, आणि शेजारच्या काकूंनी कॅन्सर म्हटलं. आईंना खोकला नाही, ताप नाही, वजन आहे तेवढंच. तरी त्यांनी आपलं ताट-पेला वेगळा केलाय आणि तीन वर्षांच्या नातवाला जवळ घेणं सोडलंय. विचारलंय ते हे: औषध सुरू करायचं का, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं का, आणि हाडांसाठी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या का.

मी छातीविकारांचा डॉक्टर. चोवीस वर्षं हेच काम करतोय आणि असा रिपोर्ट हातात घेऊन आलेलं कुणी ना कुणी आठवड्याला ओपीडीत असतंच. फिल्म न पाहता शेवटचा शब्द मी देणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

आधी त्या ‘गाठ’ शब्दाचं बघू, कारण निम्मी भीती तिथली आहे. मराठीत गाठ म्हटलं की माणूस थेट कॅन्सरवर जातो. रिपोर्टातली लिम्फ नोड ही त्या अर्थाची गाठ नव्हे. ती सगळ्यांच्या अंगात जन्मापासून असते. लहानपणी पायात काटा मोडला, पिकला, की जांघेत अवधाण यायचं ना? ते अवधाण म्हणजेच सुजलेली लिम्फ नोड. पायातली घाण वर चढू नये म्हणून जांघेतलं हे नाकं अडवून धरतं. तशीच नाकी फुप्फुसांच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना आणि ती दुभागते त्याच्या खाली असतात. फुप्फुसात काही शिरलं की ते निचरून आधी इथे येतं. जांघेतलं अवधाण हाताला लागतं, दुखतं. छातीतलं कुणाला कळतही नाही.

आता तुमच्या आईंच्या छातीत काय झालं असावं? त्या लहान असताना, पाच-सात वर्षांच्या म्हणा, घरातल्या किंवा शेजारच्या कुणाच्या तरी खोकल्यातून क्षयाचे जिवाणू श्वासावाटे आत गेले. उजव्या फुप्फुसात एका जागी स्थिरावले, तिथून जवळच्या नोड्समध्ये उतरले. शरीराने त्यांना घेरलं. आतला भाग मेला आणि पनीरासारखा झाला. अशा मेलेल्या पेशींवर पुढे महिनोन् महिने, वर्षानुवर्षं कॅल्शियमचे क्षार बसत जातात. फुप्फुसातला तो ५ मिलिमीटरचा ठिपका आणि त्याच बाजूच्या हायलमच्या नोड्स, दोन्ही कॅल्सिफाइड: ही जोडी इतकी ओळखीची आहे की तिला रांके कॉम्प्लेक्स असं नावच आहे. फुप्फुसातल्या त्या पहिल्या जागेला घोन फोकस म्हणतात. आंतोन घोन या विकृतिशास्त्रज्ञाने १९१२ साली लहान मुलांच्या क्षयावर पुस्तक लिहून ती नीट दाखवून दिली. हाच घोन १८९७मध्ये प्लेगचा अभ्यास करायला व्हिएन्नाहून आलेल्या पथकात मुंबईत होता, हे मला फार उशिरा कळलं. शवविच्छेदन करणारा माणूस, प्लेगची मुंबई, आणि पुढे क्षयाचा अभ्यास. असो.

सांगायचं हे की हा रोग नव्हे, त्याचा व्रण आहे. तुमच्या आईंच्या दंडावर देवीची लस टोचल्याचा व्रण असेल. तो बघून कुणी देवीचं औषध देत नाही.

हे किती जणांत असतं? २०१९ ते २०२१ या काळात आपल्याकडे राष्ट्रीय क्षयरोग पाहणी झाली. तिच्यात १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांमध्ये क्षयाच्या संसर्गाची खूण सापडली. म्हणजे एसटीच्या गाडीत बसलेल्या दर तिघांत एक. यातल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, बाकीचे कळल्याशिवायच जगतात. म्हणून अशा रुग्णांना आता मॉन्टू किंवा इग्रा (क्षयाच्या संसर्गाची त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी) करायला मी सहसा सांगत नाही. ती पॉझिटिव्हच येण्याची शक्यता जास्त, आणि आजार आज चालू आहे की पूर्वी होऊन गेला हे ती सांगू शकत नाही. घरात मात्र आणखी एक ‘पॉझिटिव्ह’ येऊन बसतं.

सीटी समोर आला की मी काय बघतो ते सांगतो. पहिलं, गाठ किती पांढरी आहे. सीटीत प्रत्येक गोष्टीच्या घनतेला आकडा असतो: पाणी शून्य, नुसती मऊ गाठ ३० ते ५०च्या आसपास, दाट कॅल्शियम कित्येक शेकड्यांत. आकडा न काढताही बरंच कळतं, शेजारच्या बरगडीइतकीच पांढरी दिसली की ती गाठ मुरलेली. दुसरं, पांढरेपणा पूर्ण आहे की अर्धवट. पूर्ण गाठ खडूसारखी असेल तर मी निवांत. एका कोपऱ्यात पांढरे कण, बाकी गाठ मऊ, सुजलेली, सेंटिमीटरहून मोठी, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) दिल्यावर कड उजळते आणि मधोमध काळपट राहते, असं असेल तर मी खुर्ची पुढे ओढतो. ती गाठ आत्ता जिवंत असू शकते. कॅल्शियम दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी खेळ संपलेला असतोच असं नाही, एकाच माणसात जुनी आणि नवी गाठ शेजारी शेजारी असू शकते. तिसरं, आजूबाजूचं फुप्फुस: वरच्या भागात नवीन डाग, पोकळी, झाडाच्या फांदीला कळ्या फुटाव्यात तसे बारीक ठिपके आहेत का. आणि चौथं, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी: जुना एक्स-रे. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच ठिपका तिथेच असेल तर माझं काम दोन मिनिटांत संपतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आईंचं एखादं ऑपरेशन झालं असेल तर त्या वेळच्या पिशवीत एक्स-रे नक्की असेल. गादीखाली, कपाटाच्या वर, शोधा. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, ओढून काढू नका.

त्यानंतर मी एक प्रश्न विचारतो. ‘घरात कुणाला टीबी होता का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं. म्हणून मी विचारतो, ‘लहानपणी घरातलं कुणी वानलेसवाडीला होतं का? शिवडीला? औंधला?’ (तिथे क्षयाचे दवाखाने होते.) मग वयस्कर बाई थांबतात, लेकाकडे बघतात, आणि म्हणतात, ‘आमचे चुलते होते. मिरजेच्या दवाखान्यात. आम्हांला भेटायला नेत नसत.’ साठ वर्षांपूर्वीचं सॅनिटोरियम लोकांच्या लक्षात राहतं, आजाराचं नाव दाबून ठेवलेलं असतं. हा प्रश्न तुम्ही आईंना एकट्या असताना विचारून बघा.

आता एकेटी. इथे मी माझीच चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एक शिक्षिका आल्या, चाळिशीच्या. दोन महिने कोरडा खोकला, आणि एक्स-रेत उजव्या हायलममध्ये कॅल्सिफाइड गाठी. थुंकी निगेटिव्ह. ‘सेफ साइड’ म्हणून मी चारही औषधं सुरू केली. सातव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, मग डोळे पिवळे. काविळीने अकरा दिवस ॲडमिट होत्या. एकेटीतल्या चारपैकी तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, हे मला परीक्षेत लिहिता येत होतं. पुन्हा एक्स-रे काढला तर गाठी जशाच्या तशा, कारण दगड औषधाने विरघळत नाही. आणि खोकला? तो रक्तदाबाच्या गोळीचा होता. एनालाप्रिलने असा खोकला येतो. गोळी बदलली, तीन आठवड्यांत थांबला. त्या बाई त्यानंतर माझ्याकडे आल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: एकेटी आजारासाठी द्यायची, फिल्मवरच्या जुन्या खुणेसाठी नाही. आजार आहे म्हणायला काहीतरी हवं: दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, थुंकीत रक्त, किंवा सीटीत वर सांगितलेल्या जिवंत खुणा. यातलं काही असेल तर थुंकी जीन एक्सपर्ट किंवा ट्रूनॅट या क्षयाचे जिवाणू शोधणाऱ्या तपासणीला पाठवायची (हे ट्रूनॅट आपल्या गोव्यात बनतं), गरज पडली तर दुर्बीण घालून सुईने गाठीचा नमुना घ्यायचा, आणि मग औषध. ज्यांनी एकेटी सांगितली त्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांनी रिपोर्टमधला ‘ग्रॅन्युलोमा’ वाचला असेल आणि आपल्या देशात एखादा टीबी सुटला तर काय होतं हे त्यांना ठाऊक असेल. त्यांना एवढंच विचारा, नम्रपणे: ‘आजार आत्ता चालू आहे असं कशावरून वाटतं?’ उत्तर ‘फक्त सीटीवरून’ असेल तर दुसरं मत घ्या.

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर हे उत्तर अपुरं राहील. एक दुकानदार, वय पन्नाशीच्या पुढे, साखर वाढलेली. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना ‘जुन्या गाठी आहेत, काही नाही’ असं सांगितलं होतं, ते बरोबरच होतं. पण पुढे वजन उतरायला लागलं तेव्हाही घरचे तेच वाक्य म्हणत राहिले. माझ्याकडे आले तेव्हा डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती आणि थुंकी पॉझिटिव्ह. अशा मुरलेल्या गाठींत काही जिवाणू झोपलेले राहू शकतात, आणि प्रतिकारशक्ती खचली की उठू शकतात. मधुमेहात ही शक्यता साधारण तिप्पट होते. एचआयव्ही, डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण, महिनोन् महिने स्टेरॉइड, संधिवातासाठीची टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं, यांत ती आणखी वाढते. म्हणून ‘काही नाही’ हे वाक्य त्या दिवसापुरतं खरं असतं. तुमच्या आईंना उद्या आमवात निघाला आणि अशी इंजेक्शनं द्यायची ठरली, तर त्या डॉक्टरांना हा सीटी दाखवायचाच. तेव्हा आजार नसतानाही प्रतिबंधक औषध द्यायचा विचार होतो. ती एकेटी नव्हे, एका-दोन औषधांचा छोटा कोर्स असतो.

टीबीशिवाय दुसरं काही? असू शकतं, आणि ते बरंचसं माणूस कुठे राहिला, काय काम करत होता यावर ठरतं. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यात हाच सीटी दाखवला तर डॉक्टर आधी हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचं नाव घेतील. आपल्याकडे मी कामाचं विचारतो: दगडाची खाण, क्रशर, पाथरवटाचं काम, कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत वाळूचं काम. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं गेली की नोड्सच्या फक्त कडेला कॅल्शियम बसतं, अंड्याच्या टरफलासारखं. गुजरातेत खंबायतला अकीक घासणाऱ्या कामगारांत हे सिलिकोसिस प्रसिद्ध आहे. त्यात टीबीचा धोकाही वाढतो, त्यामुळे तिथे मी सैल राहत नाही. सारकॉइड नावाच्या आजारातही गाठी अशा होऊ शकतात, बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारख्या.

कॅन्सरचं काकूंना सांगा: कॅन्सरच्या गाठीत सहसा कॅल्शियम बसत नाही. काही ठरावीक कॅन्सर पसरले तर बसू शकतं, उदाहरणार्थ थायरॉइडचे काही, आतड्याचे चिकट स्राव करणारे, हाडाचे. पण त्यात मूळ कॅन्सरचा इतिहास किंवा दुसरी लक्षणं असतात. ९ मिलिमीटरच्या पूर्ण कॅल्सिफाइड गाठीसाठी पेट स्कॅन (पेशी कुठे जास्त सक्रिय आहेत ते दाखवणारा स्कॅन) करू नका. जुन्या क्षयाच्या गाठी त्यात कधी कधी चमकतात आणि मग नको तो तपास सुरू होतो.

या गाठी स्वतः कधी त्रास देतात का? क्वचित. गाठ श्वासनलिकेच्या भिंतीला घासत आत उतरली तर खोकला येतो, रक्त पडतं. माझ्या चोवीस वर्षांत दोन रुग्णांनी खोकताना चक्क दगड बाहेर काढला. त्यातल्या एका आजोबांनी तो काडेपेटीत घालून आणला होता. पिवळट, तुरीच्या डाळीएवढा, कडा खरबरीत. माझ्या टेबलावर काडेपेटी उघडून ते म्हणाले, ‘डॉक्टर, हे माझंच आहे का बघा.’ म्हणून थुंकीत रक्त दिसलं, किंवा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी व्हायला लागला, तर यायचं. नाहीतर नाही.

इथवरचं तुमच्या तीन प्रश्नांना लावू. लक्षणं नाहीत, गाठी सेंटिमीटरच्या आतल्या आणि रिपोर्टप्रमाणे पूर्ण कॅल्सिफाइड, सोबत फुप्फुसात जुळणारा ठिपका. तुम्ही लिहिलंय तसंच असेल, तर एकेटी नको. गुडघ्याचं ऑपरेशन या गाठींसाठी पुढे ढकलायचं कारण नाही. भूलतज्ज्ञांना रिपोर्ट मात्र आधी दाखवा, ऑपरेशनच्या सकाळी नको. कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा. गाठीतलं कॅल्शियम खाण्यातून आलेलं नसतं, मेलेल्या पेशींवर बसलेलं असतं, आणि रक्तातलं कॅल्शियम साधारणपणे नेहमीसारखंच असतं. दूध, नाचणी, गोळी, काहीही बंद करून गाठ कमी होणार नाही, हाडं मात्र ठिसूळ होतील. अपवाद फक्त सारकॉइडचा किंवा चालू ग्रॅन्युलोमाच्या आजाराचा. त्यात शरीर ड जीवनसत्त्व जास्त वापरात आणतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. शंका असेल तर ऑपरेशनच्या रक्त तपासणीत सीरम कॅल्शियमही लिहून घ्या.

एक तपासणी मी मुद्दाम मागेन: एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर. ती कदाचित झालीच असेल. साखर वाढलेली निघाली तर गुडघ्याच्या जखमेसाठीही आणि या गाठींसाठीही ती आधी आटोक्यात आणायची. आणि जुनी फिल्म सापडलीच नाही तर तीन-चार महिन्यांनी साधा एक्स-रे, सीटी नाही. एका सीटीत कित्येक डझन एक्स-रेइतकं किरणोत्सर्जन जातं. एक्स-रेत काही बदल नाही दिसला तर पुढे दरवर्षी काढत बसू नका.

ताट-पेल्याचं सांगायला हवं. भांड्यांतून क्षय पसरत नाही, फुप्फुसाचा चालू क्षय असेल तर तो खोकल्याच्या हवेतून पसरतो. आणि आईंना खोकला नाही, फुप्फुसात चालू डाग नाही. छातीच्या आत बंद असलेली मुरलेली गाठ नातवाला काहीही देऊ शकत नाही. पण हे तुम्ही सांगून त्यांना पटेलच असं नाही. त्या ज्या घरात वाढल्या तिथे चुलत्याचं ताट वेगळं ठेवलेलं त्यांनी बघितलं असू शकतं. त्यांना घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जा आणि हे वाक्य त्या डॉक्टरांच्या तोंडून, आईंच्या समोर, मोठ्याने म्हणवून घ्या. मी अशा वेळी नातवालाही घेऊन या म्हणतो आणि बोलणं चालू असताना त्याला आजीच्या मांडीवर बसवतो.

आणि सीटीची सीडी सांभाळून ठेवा. रिपोर्टच्या कागदावर पेनने तारीख आणि ‘२०२... पासून आहे’ असं लिहून तो गुडघ्याच्या फाइलमध्ये नको, वेगळ्या पिशवीत ठेवा. पाच वर्षांनी कुठल्यातरी दवाखान्यात पुन्हा कुणाला तरी हा ठिपका नव्याने दिसणार आहे.